विश्लेषण : मोटर सरळ बसवणे कुणाच्या हातात… फिटरच्या की डिझायनरच्या? डोंगरीच्या मेट्रो कारशेडपासून सोसायटीच्या पंपापर्यंत

मीरा-भाईंदरमधील डोंगरीत मेट्रो ९ चे कारशेड नियोजित आहे. गाड्यांच्या मोटरी काढणे, तपासणे आणि पुन्हा बसवणे हे अशा कारशेडमधील नित्याचे काम. त्यात एक मिलिमीटरची चूकही महाग पडते. ती चूक होऊ नये याची तरतूद मोटरच्या नकाशातच कशी केलेली असते आणि इमारतीच्या तळमजल्यावरील पंपाला तोच नियम कसा लागू होतो, याविषयी…

डोंगरी चर्चेत का?

हे डोंगरी दक्षिण मुंबईतील नव्हे, तर भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या वाटेवरचे गाव. दहिसर पूर्व ते मीरा-भाईंदर या मेट्रो ९ मार्गिकेचे कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा परिसरात होणार होते. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ते डोंगरीकडे सरकले आणि तिथे झाडांच्या तोडीवरून नवा वाद उभा राहिला. दहिसर ते काशीगाव या पहिल्या टप्प्यावर मे २०२५ मध्ये गाडीची चाचणी झाली.

कारशेड म्हणजे केवळ रात्री गाड्या उभ्या करण्याची जागा नव्हे. गाडी उचलून तिच्या बोगी बाहेर काढणे, चाके, ब्रेक, गिअरबॉक्स आणि मोटर तपासणे, ही कामे तिथेच होतात. गाडी जितके तास शेडमध्ये अडकते, तितके तास ती प्रवाशांच्या उपयोगाची नसते. त्यामुळे मोटर बदलायला किती वेळ लागतो आणि ती पहिल्या प्रयत्नात नीट बसते का, याचा थेट संबंध फलाटावरच्या गर्दीशी आहे.

मोटरच्या आत नेमके काय जुळवायचे असते?

विजेच्या मोटरचे मुख्य भाग दोन. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर आणि आत फिरणारा भाग म्हणजे रोटर. दोघांमध्ये हवेची बारीक फट असते. तिला एअर गॅप म्हणतात. काही किलोवॉटच्या साध्या इंडक्शन मोटरमध्ये ही फट साधारण ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते, म्हणजे झेरॉक्सचे तीन ते पाच कागद एकावर एक ठेवल्यावर होईल इतकी. मोठ्या मोटरमध्ये ती एक-दोन मिलिमीटरपर्यंत जाते.

ही फट सगळीकडे सारखी हवी. रोटर एका बाजूला थोडा जरी सरकला, तर त्या बाजूची फट कमी होते. फट कमी झाली की तिथले चुंबकीय ओढणे वाढते, म्हणजे रोटर आणखी त्याच बाजूला खेचला जातो. सरकलेल्या रोटरला पुन्हा मध्यावर आणणारे बळ इथे नसते, असते ते अधिक सरकवणारे. ते सगळे ओझे बेअरिंगवर येते. मोटर घुमू लागते, थरथरते, गरम होते आणि टोकाच्या वेळी रोटर स्टेटरला घासतो. मोठ्या यंत्रांत म्हणूनच एअर गॅपमधील फरक सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक सर्रास पाळला जातो. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीला हे प्रमाण लावले तर सवलत उरते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी.

इतकी अचूकता हाताने साधता येते का?

कसलेला फिटर एखादी मोटर नीट बसवेल. पण कारखान्यात दिवसाला शेकडो मोटरी जोडल्या जातात. तिथे प्रत्येक मोटर जुळवत बसणे परवडत नाही. म्हणून डिझायनर भागांनाच असा आकार देतो की ते चुकीच्या जागी बसूच नयेत.

मोटरच्या दोन्ही टोकांना जी झाकणे असतात (कारखान्यात त्यांना एंड शील्ड किंवा एंड कव्हर म्हणतात), त्यांच्या कडेला एक गोल उंचवटा ठेवलेला असतो. त्याला स्पिगॉट म्हणतात. स्टेनलेस स्टीलच्या डब्याचे झाकण जसे डब्याच्या गळ्यात बसते, तसा तो मोटरच्या सांगाड्यात बसतो. झाकणाच्या मध्यभागी बेअरिंगची जागा असते आणि बेअरिंग रोटरला धरते. थोडक्यात, रोटर मध्यावर राहील की नाही हे स्पिगॉट ठरवतो.

झाकणाचे बोल्ट मात्र जागा ठरवत नाहीत, ते फक्त आवळून धरतात. बोल्टची भोके मुद्दाम बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात. जागा ठरवण्याचे आणि पकडण्याचे काम वेगवेगळ्या भागांकडे देणे, हा जुळणीच्या डिझाइनचा पहिला धडा. दोन्ही कामे बोल्टवरच सोडली, की प्रत्येक मोटर वेगळी बसते.

दुसरा धडा लेथवरचा. सांगाड्याच्या आतला गोल आणि दोन्ही टोकांचे स्पिगॉटचे गोल शक्यतो एकाच सेटिंगमध्ये, म्हणजे जॉब मधेच न सोडता कापायचे. जॉब सोडून, उलटा करून पुन्हा बांधला, की दोन गोलांचे मध्य थोडे हलतात. पुढे कितीही निगुतीने जोडणी केली तरी ती चूक निघत नाही. त्यामुळे नकाशावर माप कुठून घ्यायचे, कोणता पृष्ठभाग आधार मानायचा आणि कोणते गोल एकत्र कापायचे, हे सगळे लिहून द्यावे लागते.

एक बेअरिंग पक्के आणि दुसरे मोकळे का?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. दोन्ही बाजूंनी घट्ट धरले तर रोटर जास्त सरळ राहील, असा समज होतो. पण मोटर चालताना तापते आणि पोलाद तापले की लांबते. एक मीटर पोलाद दर अंशाला सुमारे १२ मायक्रॉन वाढते. अर्ध्या मीटरचा शाफ्ट ६० अंशांनी तापला, तर तो ०.३६ मिलिमीटरने लांबतो. दोन्ही बेअरिंगे आवळलेली असतील तर ही वाढ जाणार कुठे? ती बेअरिंगमधील गोळ्यांना चेपते.

म्हणून सहसा एक बेअरिंग जागच्या जागी पक्के केले जाते. दुसऱ्याला मागेपुढे सरकायला थोडी जागा ठेवतात आणि ते खडखडू नये म्हणून मागे लाटेच्या आकाराची स्प्रिंगची चकती घालतात. जुळणी थंड मोटरपुरती नको, तापलेल्या मोटरलाही ती लागू पडली पाहिजे.

मोटर यंत्राला जोडताना काय बिघडते?

आतले जुळले तरी अर्धेच काम झालेले असते. मोटरचा शाफ्ट पंपाच्या किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टला जोडायचा असतो. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. दोन्ही शाफ्ट समांतर असतात, पण एक वर आणि दुसरा खाली, ही पहिली. दोघांमध्ये कोन पडतो, ही दुसरी. बहुतेक वेळा दोन्ही एकत्र असतात. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या मोटरसाठी चांगल्या जुळणीत वर-खालचा फरक ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास ठेवला जातो. तो डायल गेजने किंवा लेझर उपकरणाने मोजतात, पट्टी लावून तो दिसत नाही.

या जोडणीसाठीही मोटरमध्ये आधीच सोयी केलेल्या असतात. मोटरच्या नावपट्टीवर फ्रेमचा आकडा असतो, उदाहरणार्थ १३२. त्याचा अर्थ पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची १३२ मिलिमीटर. भारतात पायांवर बसणाऱ्या मोटरींची मापे आयएस १२३१ या मानकाने ठरवली आहेत. त्यामुळे एका कंपनीची मोटर जळली तर त्याच फ्रेमची दुसऱ्या कंपनीची मोटर त्याच पायावर बसते.

खरी गंमत उंचीच्या सवलतीत आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २५० मिलिमीटरपर्यंतच्या उंचीला अर्धा मिलिमीटर कमी चालतो, जास्त अजिबात चालत नाही. कारण साधे आहे. मोटर किंचित बुटकी असेल तर पायाखाली पातळ पत्रा, म्हणजे शिम घालून ती उचलता येते. मोटर उंच निघाली तर पाया तासावा लागतो. चूक होणारच, पण ती कोणत्या बाजूला व्हावी हे आधी ठरवून ठेवले की ती दुरुस्त करणे सोपे जाते.

शाफ्टच्या टोकाला मधोमध आटे पाडलेले एक भोक असते, त्यामागेही असाच विचार आहे. कपलिंग हातोडीने ठोकून बसवले, की प्रत्येक घाव शाफ्टमधून बेअरिंगला बसतो. त्या भोकात बोल्ट आणि वॉशर लावून कपलिंग हळूहळू ओढून घेता येते. सोय दिलेली असते, पण घाईत हातोडीच उचलली जाते.

आणखी एक नेहमीची अडचण म्हणजे डुगडुगणारा पाय. चार पायांपैकी एक आखूड असलेले टेबल जसे हलते, तशी मोटर सिमेंटच्या ओबडधोबड ओट्यावर बसते. बोल्ट आवळला, की पाय खाली ओढला जातो, सांगाडा पिळवटतो आणि आत निगुतीने राखलेला एअर गॅप बिघडतो. बाहेरच्या ओट्यातील दोष अशा रीतीने मोटरच्या पोटात शिरतो.

रबराचे कपलिंग असताना चिंता कशाला?

‘कपलिंगला रबर आहे, ते सांभाळून घेईल’ हे वाक्य अनेक पंपघरांत ऐकू येते. रबर शाफ्ट तुटू देत नाही, हे खरे. पण ते वाकताना उलटा जोर लावते आणि तो जोर बेअरिंगवर जातो. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. भार २० टक्क्यांनी वाढला तर आयुष्य जवळपास ४२ टक्क्यांनी घटते. पाच वर्षे टिकणारे बेअरिंग तीन वर्षांतच आवाज करू लागते. कपलिंगचे रबर वरचेवर झिजून त्याचा काळा भुगा ओट्यावर पडत असेल, तर दोष रबराचा कमी आणि जुळणीचा जास्त असण्याची शक्यता मोठी.

मोनोब्लॉक पंपात हा प्रश्न का येत नाही?

कारण तिथे जुळवायचे दुसरे शाफ्टच नसते. मोटरचाच शाफ्ट लांब करून त्याच्यावर पंपाचा पंखा, म्हणजे इम्पेलर बसवतात. शेतातील विहिरीपासून इमारतीच्या टाकीपर्यंत हा पंप सर्वत्र दिसतो. बसवणाऱ्याकडे डायल गेज असो वा नसो, दोन शाफ्टमध्ये फरक पडायला वावच नाही. किंमत वेगळ्या रूपात मोजावी लागते. मोटर जळली की पंपही उघडावा लागतो आणि सील झिजले तर पाणी मोटरकडे जाण्याचा धोका असतो.

मेट्रोच्या मोटरमध्ये वेगळे काय?

पंप ओट्यावर स्थिर असतो. मेट्रोत सगळेच हलते. बहुतेक आधुनिक मेट्रो गाड्यांत मोटर बोगीच्या सांगाड्याला पक्की असते आणि गिअरबॉक्स चाकांच्या आसावर. सांगाडा आणि आस यांच्यामध्ये स्प्रिंग असते. डब्यात गर्दी वाढली की सांगाडा खाली दबतो, गर्दी उतरली की वर येतो. म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्स यांची एकमेकांच्या तुलनेत उंची दर स्थानकागणिक बदलते. यासाठी मधे काही मिलिमीटरची हालचाल सोसणारे दातेरी लवचीक कपलिंग असते. ठरावीक भाराखाली दोन्ही शाफ्ट एका रेषेत येतील, अशा बेताने मोटरची जागा काढतात. त्यामुळे रिकाम्या गाडीत थोडा फरक दिसला तर तो दोष असेलच असे नाही.

इथे मोटर बसण्याच्या जागा बोगीच्या सांगाड्यावर यंत्राने अचूक कापलेल्या असतात. कुठलीही मोटर काढून तिच्या जागी दुसरी बसवली, तरी तिने पुन्हा मोजमाप न करता योग्य जागी बसावे, हा हेतू. जुनी मोटर मग गाडीला न अडवता दुरुस्तीला पाठवता येते. रेल्वेच्या इंजिनांच्या मोटरींची अशी दुरुस्ती नाशिकजवळ एकलहरे येथील मध्य रेल्वेच्या कार्यशाळेत होते.

कायम चुंबकाच्या मोटरी वापरल्या, तर आणखी एक पेच येतो. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये अशा मोटरी सर्रास असतात. त्यांचा रोटर वीज नसतानाही स्टेटरला ओढतो. हाताने आत सरकवायला गेले तर तो झटक्यात एका बाजूला चिकटतो. बोटे चिरडू शकतात, चुंबकाचा टवका उडू शकतो. म्हणून रोटर आणि स्टेटर दोन्ही पक्के धरून सरळ रेषेत आत नेणारे मार्गदर्शक दांडे किंवा खास साधन लागते. ते साधन पकडेल कुठे, याची जागाही मोटरच्या नकाशातच ठेवावी लागते.

सोसायटीने काय पाहावे?

पंप किंवा मोटर दुरुस्त होऊन आली की ठेकेदाराला चार प्रश्न विचारता येतात. चारही पाय ओट्याला नीट टेकले आहेत का? प्रत्येक बोल्ट एकेक करून सैल केल्यावर मोटर उचलली जाते का? कपलिंगची जुळणी डायल गेजने किंवा लेझरने मोजली का आणि आकडे लिहून ठेवले का? कपलिंग ठोकून बसवले की ओढून? यातील एकाही प्रश्नाला खर्चिक यंत्र लागत नाही, अपवाद लेझरचा, आणि तेही भाड्याने मिळते.

तीच मोटर वर्षात दुसऱ्यांदा बांधायला गेली असेल, तर वायंडिंगआधी ओटा आणि कपलिंग तपासून घेतलेले बरे. नवी वायंडिंग जुन्याच वाकड्या ओट्यावर बसली, तर पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी पुन्हा रिकामी राहण्याची शक्यता कायम राहते.