सौंसरच्या आभाळात, कॉकपिटच्या आत

दिल्ली ते नागपूर सरळ रेघ ओढली, तर ती मध्य प्रदेशातल्या सौंसरजवळून जाते. या वाटेने येणारं विमान संत्र्याच्या बागांवर पोचतं, तेव्हा कॉकपिटमध्ये उतरण्याची लगबग चाललेली असते. वैमानिकांचा ठोकताळा असा: 1,000 फूट खाली यायला साधारण साडेपाच किलोमीटर हाताशी हवेत. इथून नागपूर विमानतळ हवाई अंतराने 65 किलोमीटरच्या आसपास; म्हणजे विमान धावपट्टीहून सुमारे 12,000 फूट उंच हवं.

पूर्वी मुलांना कॉकपिट हौसेने दाखवत. सप्टेंबर 2001 मधल्या अमेरिकेतल्या विमानहल्ल्यांनंतर उडत्या विमानात ते दार प्रवाशांना बंद झालं, याची मला खरंच हळहळ वाटते.

आतला उंचीमापक मुळात हवेचा दाब मोजतो. म्हणून नागपूरने रेडिओवर कळवलेला दाब त्यात लावायचा. 1 हेक्टोपास्कल चुकला, तर उंची जवळपास 30 फुटांनी चुकते.