महाग बाटली, सावकाश थेंब

जानेवारी २०२५मध्ये बुलढाणा जिल्ह्याचं लक्ष शेगाव तालुक्यातल्या केसगळतीकडे लागलं होतं. त्याच महिन्यात पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुलियन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढत गेले आणि पुढे आकडा दोनशेच्या वर पोचला. बुलढाण्यातल्याच लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावांतली मुलं पुण्यात शिकायला, कामाला असतात. त्यामुळे या आजारावरचं ‘वीस हजारांचं इंजेक्शन’ हा विषय इथेही निघाला आणि त्यासोबत अर्धवट माहितीही पसरली. त्या इंजेक्शनचं नाव आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन. औषध भारी आहे यात शंका नाही, पण त्याचा गुण आणि धोका दोन्ही ते कसं दिलं जातं यावर ठरतात.

गैरसमज : हे ताकदीचं सलाईन किंवा जबर अँटिबायोटिक आहे.

वस्तुस्थिती : दोन्ही नाही. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं त्यात असतात. जीबीएसमध्ये जुलाब किंवा सर्दी-तापासारख्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून स्वतःच्या नसांवर उठते. पुण्यातल्या रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता. आयव्हीआयजी जिवाणू मारत नाही, नसांवरचा हा हल्ला थोपवतं. अंगात कणकण आहे, अशक्तपणा आहे म्हणून ते घेण्यात काहीच अर्थ नाही. कुत्रा चावल्यावर जखमेत टोचतात ते रेबीज इम्युनोग्लोब्युलिन याच कुळातलं असलं, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

गैरसमज : एक इंजेक्शन घेतलं की काम झालं.

वस्तुस्थिती : मात्रा वजनावर ठरते. जीबीएसमध्ये साधारणपणे दर किलो वजनामागे रोज ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस देतात. ६० किलोच्या माणसाला रोज २४ आणि एकूण १२० ग्रॅम लागतात. पाच ग्रॅमची एक बाटली धरली, तर चोवीस बाटल्या झाल्या. म्हणून दाखल करताना रुग्णाचं वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करून घ्यावं.

गैरसमज : जोरात सोडलं तर लवकर गुण येतो.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत घातक समज. आयव्हीआयजी सुरुवातीला अगदी हळू सोडतात. दहा टक्के द्रावण असेल तर ६० किलोच्या रुग्णाला पहिला अर्धा तास ताशी ३० मिलिलिटरच्या आसपास. त्रास नाही असं दिसलं की टप्प्याटप्प्याने वेग वाढवतात. कंपनीगणिक वेग बदलतो, त्यामुळे बाटलीसोबतचं पत्रक पाहावंच लागतं. वेग वाढवण्याआधी नाडी, रक्तदाब, ताप आणि श्वास तपासायचा असतो. थंडी वाजणं, डोकं दुखणं, छाती भरून येणं, अंगावर गांधी उठणं यांपैकी काहीही झालं तर नर्सला लगेच हाक मारावी. नातेवाइकाने सलाईनची चकती स्वतः फिरवू नये, ना वेग वाढवायला, ना कमी करायला.

घाईने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, रक्तात गुठळ्या होऊ शकतात. वयस्कर, मधुमेही, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांना हा धोका जास्त, म्हणून या गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगाव्यात. शरीरात पाणी कमी पडू न देणंही तितकंच गरजेचं.

बाटलीचीही काही पथ्यं आहेत. बहुतेक उत्पादनं २ ते ८ अंशांत ठेवतात, पण गोठू देत नाहीत. देण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ देतात. गरम पाण्यात धरत नाहीत, जोरात हलवत नाहीत, तिच्यात दुसरं औषध मिसळत नाहीत. द्रव गढूळ दिसला तर बाटली वापरत नाहीत. बॅच क्रमांक केसपेपरवर लिहून ठेवावा लागतो.

गैरसमज : औषध मिळालं की गावातल्या दवाखान्यातही देता येईल.

वस्तुस्थिती : जीबीएसमध्ये पायांपासून चढत जाणारा लुळेपणा छातीपर्यंत पोचू शकतो. जवळपास चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो. त्यामुळे बाटली कुठे मिळते यापेक्षा अतिदक्षता विभाग कुठे आहे हे आधी पाहायचं. सुलतानपूरकरांसाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे सरकारी पर्याय आहेत.

गैरसमज : पैसे नाहीत म्हणजे उपाय नाही.

वस्तुस्थिती : प्लाझ्मा बदलण्याचा, म्हणजे प्लाझ्माफेरेसिसचा उपचारही आहे. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात आयव्हीआयजी त्याच्या तोडीस तोड ठरलं, आणि दोन्ही आजही मान्य आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं, तेही दाखल होतानाच.

गैरसमज : पाच दिवसांत हातपाय हलले नाहीत, तर आणखी डोस द्यावा.

वस्तुस्थिती : नसा सुधारायला आठवडे, कधी महिने लागतात. गंभीर रुग्णांना दुसरा डोस देऊन पाहणाऱ्या, २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, उलट त्रास वाढले. या काळात फिजिओथेरपी आणि छातीची काळजी महत्त्वाची. घर, शेती गहाण टाकून आणखी बाटल्या आणण्याआधी डॉक्टरांकडून कारण नीट समजून घ्यावं.

गैरसमज : पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा पडतो.

वस्तुस्थिती : जीबीएसच्या तपासणीसाठी मज्जारज्जूभोवतीचा द्रव, म्हणजे हे ‘पाणी’, काढतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. लुळेपणा सुईने येत नाही. तो आलेला असतो म्हणून तर तपासणी करतात. १९१६मध्ये गुलियन, बॅरे आणि स्ट्रोल यांनी दोन सैनिकांचा हा आजार ओळखला, तोही याच पाण्यातल्या वाढलेल्या प्रथिनांवरून.

गैरसमज : मणक्याचा पंप बसवला की पुढे काही पाहावं लागत नाही.

वस्तुस्थिती : पाठीतल्या सुईशी याची गल्लत करू नये. हा उपचार जीबीएसचा नव्हे, अतिशय ताठरलेले स्नायू किंवा असह्य वेदना असलेल्यांसाठी तो असतो. पोटाच्या कातडीखालचा पंप नळीवाटे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात बॅक्लोफेन किंवा मॉर्फिन सोडतो. ठरावीक मुदतीने तो सुईने पुन्हा भरावा लागतो. बॅक्लोफेनची तारीख चुकली तर ताप, ताठरपणा, भ्रम, झटके येऊन जिवावर बेतू शकतं. भरताना सुई चुकली तर औषध कातडीखाली जातं आणि मात्रा जास्त होते. म्हणून पंप प्रशिक्षित हातांनीच भरायचा, आणि पंपाचं कार्ड कायम खिशात ठेवायचं.

पुन्हा जीबीएसकडे. दोन्ही पायांत एकदम अशक्तपणा आला, तो तासागणिक किंवा दिवसागणिक वर चढू लागला, गिळताना ठसका किंवा बोलताना धाप लागू लागली, तर मालिश, झाडपाला, ‘उद्या पाहू’ यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा आणि लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख सोबत लिहून न्या. आयव्हीआयजीचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त असतो. घाई करायची ती रुग्णालय गाठण्याची. सलाईनचा वेग तिथल्या माणसांवर सोडा.