पॉल रोबसन : नट, गायक, वकील

- जन्म : ९ एप्रिल १८९८, प्रिन्स्टन, न्यू जर्सी. वडील जन्माने गुलाम. पळून सुटका करून घेतली, पुढे धर्मोपदेशक झाले.
- शिक्षण : रटगर्स विद्यापीठात नामांकित फुटबॉलपटू. १९२३मध्ये कोलंबियातून कायद्याची पदवी. वकिली थोडाच काळ.
- रंगभूमी : १९३०मध्ये लंडनला ‘ऑथेल्लो’, डेस्डेमोना पेगी ॲशक्रॉफ्ट. १९४३मध्ये तीच भूमिका ब्रॉडवेवर (न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी), २९६ प्रयोग. शेक्सपिअरच्या नाटकासाठी ब्रॉडवेवरचा हा विक्रम.
- पडदा : ‘द एम्परर जोन्स’ (१९३३), ‘शो बोट’ (१९३६), ‘द प्राउड व्हॅली’ (१९४०).
- आवाज : खर्जातला, भरदार. कृष्णवर्णीयांची भक्तिगीते मैफलीत गायली.
- पासपोर्ट : राजकीय मतांमुळे १९५०मध्ये रद्द, १९५८मध्ये परत. दरम्यान मे १९५२मध्ये कॅनडाच्या सीमेवर, अमेरिकेच्या हद्दीत उभ्या केलेल्या ट्रकच्या हौद्यावरून गायन. हजारो श्रोते सीमेपलीकडे.
- निधन : २३ जानेवारी १९७६, फिलाडेल्फिया. २००४मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.