खोली मिळाली, पण गांव मिळाला काय?

पिंपरी-चिंचवड हें नांव उच्चारलें कीं मोठमोठे कारखाने डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु तेथील यंत्रें चालविणारीं माणसें कोठें राहतात, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों. पोटासाठीं परमुलखांतून आलेला मनुष्य येथला होतो कीं जन्मभर परकाच राहतो, याचें उत्तर पुष्कळ अंशीं त्याच्या वस्तींत सांपडतें. म्हणून त्या वस्तीचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं या भागांत लहान लहान गांवें होतीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवड या बाजूंस कारखान्यांची रांग लागली. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा व सोलापूर इकडील कुटुंबें आलीं. मागाहून उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील तरुण येऊं लागले. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती १७ लाखांवर गेली होती. पूर्वीं कांद्याच्या बाजाराकरितां प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या आसमंतांतही मोटारींचे कारखाने उभे राहिले.

कारखान्यांस जागा आंखून मिळाल्या. मजुरांच्या घरांची सोय मात्र त्या मानानें झाली नाहीं. शहरांत नाल्यांच्या व रेल्वेच्या कडेनें झोपड्या वाढल्या. चाकणकडे म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गांवांतून जमीनमालकांनीं भाड्याच्या खोल्यांच्या चाळी बांधल्या. एका खोलींत चार-पांच तरुण राहतात. कित्येक ठिकाणीं दिवसपाळीचे कामावर गेले कीं रात्रपाळीचे त्यांच्याच जागीं निजतात.

अशा वस्तीनें काय होतें? पहिली अडचण पत्त्याची. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणें भाड्याचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. परंतु अशा खोल्यांचा व्यवहार बहुधा तोंडीच चालतो. करार नाहीं म्हणून पत्त्याचा पुरावा नाहीं. पुरावा नाहीं म्हणून येथील शिधापत्रिका नाहीं, मतदारयादींत नांव नाहीं. ज्याचें मत नाहीं त्याच्या गल्लींतील तुंबलेल्या गटाराची चौकशी करण्यास कोण येणार? पूर्वींच्या साथींच्या कथा आपण पुस्तकांत वाचतों. परंतु २०२० सालच्या टाळेबंदींत काय घडलें, तें आपण डोळ्यांनीं पाहिलें आहे. काम थांबलें, भाडें तुंबलें, आणि हजारों मजूर डोक्यावर बोचकें घेऊन पायीं गांवाकडे निघाले. वर्षानुवर्षें येथें राबूनही संकटकाळीं 'आपला गांव' म्हणून त्यांना शेंकडों कोसांवरील गांवच आठवला. 'एक देश, एक रेशनकार्ड' या योजनेनें आतां गांवच्या कार्डावर येथेंही धान्य घेतां येतें, ही सुधारणा खरी. पण धान्य मिळणें निराळें आणि गांवकरी होणें निराळें.

दुसरी अडचण सहवासाची. चाळींत बहुधा एकाच मुलखाचे लोक एकत्र राहतात. यांत चांगलेंही आहे. नवख्यास काम कोठें मिळेल हें तेच सांगतात, दुखण्यांत तेच उशापाशीं बसतात. परंतु खोली, कंत्राटदाराची गाडी आणि कारखाना या तिहींबाहेर पाऊल न पडल्यामुळें दहा वर्षें राहूनही मराठी कानीं पडत नाहीं. उरला वेळ पाणी भरण्यांत व शौचकूपापुढील रांगेंत जातो. सर्वांत अधिक हाल मुलांचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें त्यांस वयानुरूप वर्गांत प्रवेश मिळतो. पण भाडें वाढलें कीं खोली बदलते, खोलीबरोबर शाळा बदलते, आणि नुकतीच जमूं लागलेली भाषा व मैत्री दोन्हीं तुटतात.

'हे लोक आपल्यांत मिसळतच नाहींत' असा आक्षेप घेणारांनीं पिंपरी कॅम्पाकडे पाहावें. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासित येथें आले. भाषा वेगळी, घरदार गेलेलें. परंतु सरकारनें त्यांच्या पुनर्वसनाचें काम अंगावर घेतलें व त्यांस वसण्यास ठराविक जागा दिली. त्यांच्या अंगीं उद्योग व व्यापाराची परंपरा होती हें खरें. तथापि उद्यां आपणांस येथून उठवितील ही धास्ती नसली म्हणजेच मनुष्य दुकान थाटतो व मुलें एकाच शाळेंत शेवटपर्यंत शिकवितो. आज पिंपरीची बाजारपेठ त्यांच्यावांचून कल्पितां येत नाहीं.

दरवर्षीं देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीस मुक्काम करते, तेव्हां अनोळखी वारकऱ्यांस घरोघरीं जेवूं घालणारा हा मुलूख आहे. एका रात्रीच्या पाहुण्यास जें मिळतें, तें वीस वर्षें शेजारीं राहणारास मिळूं नये काय? परक्यास आश्रय देणें ही प्रभूचीच सेवा होय, असें आम्ही शाळेंत शिकतों. ज्या पालकांच्या खोल्या भाड्यानें दिलेल्या आहेत त्यांनीं करार नोंदवून द्यावा. पालकसभेस येण्यास संकोचणाऱ्या शेजाऱ्यास सोबत घेऊन यावें. आणि विद्यार्थिमित्रांनो, वर्गांत नवीन आलेला मुलगा मराठी अडखळत बोलूं लागला, तर हंसूं नका. मधल्या सुटींत त्यास आपल्या खेळांत घ्या. शहरानें त्याच्या वडिलांस खोली दिली आहे. त्यास गांव देणें बरेंचसें आपल्या हातीं आहे.