गोजिरी खेडी, विद्रूप माणसं

बर्फात बुडालेलं शेतघर, उघडं दार आणि सणासाठी आलेल्या माणसांचं उंबऱ्यावरच होणारं स्वागत. जॉर्ज ड्युरीच्या चित्रावरून १८६७ मध्ये निघालेलं ‘होम टू थँक्सगिव्हिंग’ पाहिलं की जुनी अमेरिका किती साधी, किती प्रेमळ असं वाटू लागतं. हे चित्र छापलं न्यूयॉर्कच्या ‘करिअर अँड आइव्ह्ज’नं.

१९०७ मध्ये बंद पडेपर्यंत या कंपनीनं सात हजारांहून अधिक चित्रं काढली. दगडावर रेखाटन करून काळ्या शाईत छपाई व्हायची. मग ओळीनं बसलेल्या बायका एकेक रंग भरून कागद पुढे सरकवायच्या. किंमत काही सेंटांपासून, त्यामुळे ही चित्रं सामान्यांच्या भिंतींवर पोहोचली.

फॅनी पामर ही कंपनीची कसलेली चित्रकार. इंग्लंडमधून आलेली आणि ब्रुकलिनमध्ये राहणारी. तिच्या ‘लो वॉटर इन द मिसिसिपी’मध्ये नदीवर आगबोट आहे, झाडांआड मळेवाल्याचा वाडा आहे आणि पुढे लाकडी खोपटासमोर कृष्णवर्णीय कुटुंब बँजोच्या तालावर नाचतं आहे. चित्र निघालं १८६८ मध्ये. गुलामगिरी घटनेनं संपवून तीनच वर्षं झाली होती, आणि चित्रातलं दास्य मात्र मजेत नाचत होतं! त्यात कुरूप काहीच नाही, म्हणूनच ते अधिक घातक.

याच कंपनीनं छापलेल्या थॉमस वर्थच्या ‘डार्कटाउन’ मालिकेला असा आडपडदाही नव्हता. १८८० च्या दशकात जोरात खपलेल्या या चित्रांत कृष्णवर्णीय माणसं अग्निशमन दल काढतात, बागेत मेजवानी करतात आणि हटकून तोंडावर आपटतात. बऱ्याचदा चित्रं जोडीनं येत: पहिल्यात ऐट, दुसऱ्यात फजिती. हसू यायचं ते बरोबरीच्या हक्काचं.

कंपनीला वेगळं काढता येत नव्हतं, असं मात्र नाही. १८७२ मध्ये तिनंच कृष्णवर्णीय सिनेटर हायरम रेव्हल्स आणि आणखी सहा कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींचं भारदस्त समूहचित्र छापलं. त्याआधी, १८७० मध्ये, बोस्टनच्या लुई प्रँग या मुद्रकानं रेव्हल्स यांचं रंगीत व्यक्तिचित्र काढलं, तेव्हा कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांनी पत्र लिहून त्याचं कौतुक केलं होतं. आपल्या लोकांना माकडांसारखं रंगवलेलं त्यांनी फार पाहिलं होतं.

माणूस माणसासारखा काढायचं कसब त्या छापखान्यात होतंच. गिऱ्हाईक मागेल ते विकायचं, एवढाच तिथला नियम होता. या चित्रांची प्रदर्शनं भरवणाऱ्यांनी आता निदान ‘लो वॉटर’खाली १८६८ हे साल ठळक अक्षरांत लिहावं, आणि शेजारी ‘डार्कटाउन’ही लावावं.