स्टीव्ह टिकोलो

स्टीव्ह टिकोलो (जन्म: २५ जून १९७१, नैरोबी) हा केन्याचा माजी क्रिकेटपटू व कर्णधार आहे. उजव्या हाताने फलंदाजी आणि ऑफस्पिन गोलंदाजी करणारा टिकोलो १९९६ ते २०११ या काळातील पाचही विश्वचषक स्पर्धांत केन्याकडून खेळला. १३० हून अधिक एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांत त्याने तीन शतकांसह ३,४०० हून अधिक धावा केल्या व ९० हून अधिक बळी घेतले. कसोटी दर्जा नसलेल्या देशांतील, त्याच्या काळातील सर्वोत्तम फलंदाज म्हणून त्याचे नाव घेतले जाते. केन्याला कसोटी दर्जा कधीच मिळाला नाही. त्यामुळे टिकोलो एकही कसोटी सामना खेळू शकला नाही.

पार्श्वभूमी

केन्यातील क्रिकेट प्रामुख्याने नैरोबी शहरातील क्लबांच्या आधाराने वाढले. यांपैकी बरेच क्लब तेथे स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या समाजांनी उभे केले होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आफ्रिकी वंशाचे तरुण मोठ्या संख्येने या क्लबांतून पुढे आले आणि राष्ट्रीय संघाचे रूप पालटले. सुजी, ओडुंबे, ओबुया या घराण्यांतील भावंडांप्रमाणेच टिकोलो बंधूही याच पिढीचे. थोरला भाऊ टॉम केन्याचा कर्णधार होता, तर डेव्हिड हा दुसरा भाऊ स्टीव्हबरोबर १९९६ च्या विश्वचषकात खेळला. स्टीव्ह नैरोबीत स्वामीबापा क्लबकडून खेळत असे. दक्षिण आफ्रिकेतील बॉर्डर संघाकडूनही तो प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला.

१९९६ चा विश्वचषक

१८ फेब्रुवारी १९९६ रोजी कटक येथे भारताविरुद्ध केन्याने आपला पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामना खेळला. सचिन तेंडुलकरच्या नाबाद १२७ धावांमुळे भारताने तो सहज जिंकला. मात्र टिकोलोने पदार्पणातच ६५ धावा केल्या. पुढे कँडी येथे श्रीलंकेने केन्याविरुद्ध ५ बाद ३९८ अशी तेव्हाची विक्रमी धावसंख्या उभारली. त्या सामन्यात टिकोलो ९६ धावांवर बाद झाला आणि त्याचे शतक अवघ्या चार धावांनी हुकले.

या दोन सामन्यांच्या मधल्या काळात, २९ फेब्रुवारीला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर केन्याने वेस्ट इंडीजला ७३ धावांनी हरवले. केन्याचा डाव १६६ धावांत संपला होता. त्यात टिकोलोच्या २९ धावा ही कोणत्याही फलंदाजाची सर्वाधिक धावसंख्या होती. अवांतर धावा तिच्याहूनही अधिक होत्या. उत्तरादाखल ब्रायन लारा व रिची रिचर्डसन यांचा समावेश असलेला वेस्ट इंडीजचा संघ ९३ धावांत गारद झाला. मॉरिस ओडुंबे आणि रजब अली यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. विश्वचषकाच्या इतिहासातील सर्वांत अनपेक्षित निकालांत या सामन्याची गणना होते.

क्वालालंपूर, १९९७

टिकोलोची सर्वांत गाजलेली खेळी मात्र त्याच्या एकदिवसीय आकडेवारीत सापडत नाही. एप्रिल १९९७ मध्ये क्वालालंपूर येथे झालेल्या आयसीसी चषकाच्या अंतिम सामन्याला अधिकृत एकदिवसीय सामन्याचा दर्जा नव्हता. बांगलादेशाविरुद्धच्या या सामन्यात केन्याने ७ बाद २४१ धावा केल्या. त्यांपैकी १४७ एकट्या टिकोलोच्या होत्या. त्यानंतर पावसामुळे बांगलादेशापुढे २५ षटकांत १६६ धावांचे सुधारित लक्ष्य ठेवण्यात आले. ते त्यांनी शेवटच्या चेंडूवर, दोन गडी राखून गाठले.

त्या वेळी हे दोन्ही संघ जवळजवळ तुल्यबळ होते. पुढे त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बांगलादेशाला जून २००० मध्ये कसोटी दर्जा मिळाला, केन्याचा प्रयत्न मात्र फळाला आला नाही. एका चेंडूने हे सारे ठरले असे म्हणणे अतिशयोक्त होईल. बांगलादेशाकडे प्रचंड प्रेक्षकवर्ग आणि देशांतर्गत क्रिकेटचा मोठा पाया होता. केन्याचे क्रिकेट मूठभर क्लबांवर आणि एकाच पिढीच्या खेळाडूंवर उभे होते.

कर्णधारपद आणि २००३ चा विश्वचषक

२००३ च्या विश्वचषकात टिकोलो केन्याचा कर्णधार होता. भारताचे माजी फलंदाज संदीप पाटील संघाचे प्रशिक्षक होते. सुरक्षेच्या कारणास्तव न्यूझीलंडने नैरोबीत खेळण्यास नकार दिला, त्यामुळे त्या सामन्याचे गुण केन्याला मिळाले. केन्याच्या उपांत्य फेरीतील प्रवेशाचे श्रेय अनेकदा केवळ या घटनेला दिले जाते. ते पूर्णतः न्याय्य नाही. त्याच नैरोबीत केन्याने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवले (कॉलिन्स ओबुया: २४ धावांत ५ बळी), तसेच कॅनडा व बांगलादेश यांनाही नमवले. सुपर सिक्स फेरीत पोहोचलेल्या संघांविरुद्ध मिळवलेले गुण पुढे नेण्याचा नियम होता. श्रीलंका व न्यूझीलंड हे दोन्ही संघ पुढे गेल्याने केन्याला त्याचा मोठा लाभ झाला, आणि झिंबाब्वेवरील विजयाने उपांत्य फेरी निश्चित झाली. कसोटी दर्जा नसलेला संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाण्याची ही पहिलीच वेळ होती.

२० मार्च २००३ रोजी डर्बन येथे भारताने ४ बाद २७० धावा केल्या. सौरव गांगुली १११ धावांवर नाबाद राहिला. केन्याचा डाव १७९ धावांत आटोपला. टिकोलोने ५६ धावा करून काही काळ प्रतिकार केला.

उतरता काळ

या यशानंतर केन्याला नियमित सामने मिळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मोठ्या संघांनी केन्याशी मोजकेच सामने खेळले. क्रिकेट संघटनेतील गैरव्यवस्थापनाचे आरोप, मानधनावरून खेळाडूंनी केलेला संप आणि २००४ मध्ये मॉरिस ओडुंबेवर घालण्यात आलेली पाच वर्षांची बंदी यांमुळे संघ खिळखिळा झाला. अखेर जुनी संघटना जाऊन ‘क्रिकेट केन्या’ ही नवी संस्था अस्तित्वात आली. टिकोलो या काळातही संघाचा मुख्य फलंदाज राहिला. २००५ च्या आफ्रो-आशिया चषकात तो आफ्रिकेच्या संघातून खेळला. २००७ च्या विश्वचषकात त्याच्या नेतृत्वाखाली केन्याने कॅनडाला हरवले, आणि इंग्लंडविरुद्ध पराभव झाला तरी त्याने ७६ धावा केल्या.

२०११ च्या विश्वचषकात केन्याने सहाही सामने गमावले. कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झिंबाब्वेविरुद्धचा सामना हा टिकोलोचा विश्वचषकातील अखेरचा सामना ठरला. त्याची जागा घेईल असा फलंदाज तोवर तयार झालेला नव्हता. २०१३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो काही काळासाठी राष्ट्रीय संघात परतला. पुढच्याच वर्षी केन्याने एकदिवसीय दर्जा गमावला. टिकोलोने पुढे शेजारच्या युगांडाच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सांभाळले.