काट्यांची साक्ष: विमानाच्या कॉकपिटचा मागोवा (1929 ते 2009)

जमिनीवर चालणाऱ्या माणसाला आपला तोल डोळे, स्नायू आणि आतला कान या तिघांच्या साक्षीने कळतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाच्या बाबतीत मात्र डोळ्यांची साक्ष संपते आणि उरलेले दोन साक्षीदार सर्रास खोटे बोलू लागतात. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव वळण सुरू होताना मागे रेंगाळतो, त्यावरून मेंदूला वळणाची जाणीव होते; पण तेच वळण संथपणे चालू राहिले की काही सेकंदांत द्रवाची गती नलिकेच्या गतीशी जुळते आणि विमान एका अंगावर कललेले असूनही आपण सरळ उडत आहोत, अशी वैमानिकाची ठाम समजूत होते. उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण न घेतलेल्या 20 वैमानिकांना इलिनॉय विद्यापीठाने 1954 मध्ये बाहेरचे क्षितिज झाकून विमान चालवायला लावले, तेव्हा त्या सर्वांच्या हातून विमानाचा ताबा सुटला आणि त्यासाठी सरासरी 178 सेकंद पुरले.

या दगाबाज संवेदनांना पर्याय मिळाला तो त्याच्या पाव शतक आधी. 24 सप्टेंबर 1929 रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल याने पूर्ण झाकलेल्या कॉकपिटमध्ये बसून उड्डाण केले, फेरी मारली आणि विमान पुन्हा उतरवले; पुढच्या आसनावर दक्षतेसाठी दुसरा वैमानिक होता, पण त्याला नियंत्रणांना हात लावण्याची वेळ आली नाही. डूलिटलपुढे रेडिओ दिशादर्शक यंत्रणेखेरीज हवेच्या दाबावरून उंची सांगणारा कोल्समनचा संवेदनशील उंचीमापक होता आणि स्पेरी कंपनीची दोन उपकरणे होती, एक दिशा दाखवणारे आणि दुसरे कृत्रिम क्षितिज. वेगाने फिरणारी जायरोस्कोपची चकती आपला अक्ष सहसा बदलत नाही, या गुणाचा उपयोग करून कृत्रिम क्षितिज विमानाचा खरा कल दाखवते. कॉकपिटमधील सगळ्या उपकरणांत एकच निवडायचे झाल्यास ते हेच निवडावे लागेल.

काटे आले, तरी ते वाचणारा माणूसच होता. उपकरणे वाचताना झालेल्या 270 चुकांचा अभ्यास पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केला, आणि ‘वैमानिकाची चूक’ म्हणून ज्यावर शिक्का मारला जाई त्यातला मोठा भाग तबकडीच्या रचनेत दडलेला आहे, हे त्यातून दिसले. त्या काळच्या उंचीमापकावर घड्याळासारखे तीन काटे असत. लांब काटा शेकडे, आखूड काटा हजार आणि सर्वांत लहान काटा दहा हजार फूट दाखवी. लहान काट्याकडे दुर्लक्ष झाले की वाचनात थेट 10,000 फुटांचा फरक पडे. स्कॉटलंडमध्ये 28 एप्रिल 1958 रोजी एक व्हायकाउंट विमान नेमके याच घोटाळ्यामुळे जमिनीवर आदळले. आपण अजून दहा हजार फूट वर आहोत, या समजुतीत वैमानिक ते खाली आणत होता. पुढे काट्याच्या जोडीला आकडे आले, आणि आकडा वाचायला काटा वाचण्याइतकी बुद्धी लागत नाही.

डोंगरावर आदळणे हा सत्तरच्या दशकातला मोठा धोका होता. डॉन बेटमन यांनी विकसित केलेली भूमिसान्निध्य इशारा यंत्रणा रेडिओलहरींनी खालच्या जमिनीचे अंतर मोजून धोक्याचा आवाज देई, आणि 1974 मध्ये व्हर्जिनियातील अपघातात 92 जण मरण पावल्यानंतर अमेरिकेने ती सक्तीची केली. मात्र ती फक्त खाली पाहत असल्याने समोरच्या कड्याचा पत्ता तिला उशिरा लागे. ही उणीव उपग्रहाधारित स्थान आणि भूप्रदेशाचे साठवलेले नकाशे यांच्या जोडणीने नव्वदच्या दशकात दूर झाली.

काटाच खोटे बोलू लागला तर काय, हा प्रश्न मुंबईच्या किनाऱ्यावर 1 जानेवारी 1978 रोजी उभा राहिला. एअर इंडियाचे पहिले बोइंग 747, ‘सम्राट अशोक’, त्या रात्री सव्वाआठच्या सुमारास सांताक्रूझहून दुबईकडे निघाले. दिव्यांनी भरलेले शहर मागे पडले आणि समोर अरबी समुद्राचा निव्वळ काळोख होता, म्हणजे खरे क्षितिज नाहीसे झाले होते. किनारा ओलांडल्यावर विमानाने उजवीकडे हलके वळण घेतले आणि ते पुन्हा समतल झाले, पण कप्तानापुढचे कृत्रिम क्षितिज उजव्या कलावरच अडकून राहिले. कप्तानाने उपकरणाप्रमाणे वागून विमान डावीकडे झुकवले. काटा हलेना, म्हणून आणखी झुकवले. सहवैमानिकापुढे दुसरे कृत्रिम क्षितिज होते, मध्यभागी तिसरे राखीव होते आणि उड्डाण अभियंत्याने कप्तानाला सावध करण्याचा प्रयत्नही केला. पण तीन साक्षी ताडून पाहण्याइतका वेळ हाती उरला नव्हता. उड्डाणानंतर 101 सेकंदांनी विमान वांद्र्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले आणि 213 जण मृत्युमुखी पडले.

भारत सरकारच्या चौकशीने ठपका कप्तानाच्या हाताळणीवर ठेवला. तो तांत्रिकदृष्ट्या चुकीचा म्हणता येणार नाही, तरीही त्यात एक अन्याय जाणवतो, कारण शरीराच्या जाणिवेपेक्षा उपकरणाला मानावे हीच शिकवण त्या पिढीच्या अंगात मुरवलेली होती.

दिल्लीजवळ चरखी दादरी येथे 12 नोव्हेंबर 1996 रोजी सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन 349 जण मरण पावले, तिथे उणीव वेगळी होती. कझाक विमानाला 15,000 आणि सौदी विमानाला 14,000 फुटांवर राहण्यास सांगितले होते, परंतु कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. नियंत्रकाशी बोलणाऱ्या त्याच्या रेडिओचालकापुढे स्वतःचा उंचीमापकच नव्हता, त्याला वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून आकडा पाहावा लागे. आणि दिल्लीच्या तत्कालीन रडारला विमानाची उंची दिसत नसे. यानंतर भारताने टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची केली. या यंत्रणेत दोन्ही विमानांची उपकरणे परस्परांना विचारून एकाला वर आणि दुसऱ्याला खाली जायला सांगतात. तिचाही शब्द कोणी मानायचा, हे मात्र 1 जुलै 2002 पर्यंत पुरेसे स्पष्ट नव्हते. जर्मनीतील युबरलिंगनवर त्या रात्री रशियन विमानाला यंत्रणा वर जा म्हणत होती आणि नियंत्रक खाली ये म्हणत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, समोरच्या मालवाहू विमानाने यंत्रणेचे ऐकले, दोन्ही विमाने खाली आली आणि 71 जण गेले. अशा वेळी यंत्रणेचाच आदेश अंतिम, हा नियम त्यानंतर निःसंदिग्ध झाला.

काचेचे पडदे आणि संगणक आल्यावर साक्षीदार वाढले, पण त्यांची माहिती येते कुठून हे पाहणे तितकेच महत्त्वाचे ठरले. विमानाचा वेग पिटो नळीतून मोजला जातो; समोरून येणाऱ्या हवेचा दाब झेलणारी ही बोटभर नळी असते. रिओहून पॅरिसकडे निघालेल्या एअर फ्रान्सच्या विमानात 1 जून 2009 रोजी या नळ्या हिमकणांनी बुजल्या, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात आणि स्वयंचालक यंत्रणेने काम सोडले. नळ्या मिनिटभराच्या आत मोकळ्या झाल्या, पण तोवर वैमानिकाने नाक वर उचलले होते आणि विमान स्टॉल झाले होते, म्हणजे पंखांची उचल संपली होती. पुढे तर मोजलेला वेग 60 नॉटच्या खाली गेल्यावर संगणकाने ती माहिती अविश्वसनीय ठरवून धोक्याचा आवाज बंद केला. नाक खाली करावे, तर वेग वाढून तोच आवाज पुन्हा सुरू होई. म्हणजे योग्य हालचालीला ओरडा आणि चुकीच्या हालचालीला शांतता, असा तो उफराटा न्याय होता. विमानातील 228 पैकी कोणीही वाचले नाही.

वेगाचा भरवसा उरला नाही तर काय करायचे, याची तोंडपाठ कृती त्या जातीच्या विमानांसाठी आधीपासून होती आणि अपघातानंतर तिच्या सरावावर अधिक भर दिला गेला: 10,000 फुटांच्या वर असताना स्वयंचालक यंत्रणा सोडावी, इंजिनाची शक्ती चढणीच्या पातळीवर ठेवावी आणि नाक क्षितिजाच्या वर 5 अंशांवर धरावे. हे 5 अंश मोजायचे ते कृत्रिम क्षितिजावरच.